वाहत्या नाल्यात रिकामी केलेली टोपली

माझ्या गोठ्याचा मला भारी तोरा होता. तापीकाठच्या आमच्या गावात कुणाकडे सोयरे आले की चहाचं दूध माझ्याकडून जायचं. "हिच्या गोठ्यात पान मांडून जेवावं," असं बायका म्हणायच्या. मी तोंडदेखलं नाही-नाही म्हणायची आणि मनातून फुलून जायची.

त्या भाद्रपदात आमची म्हैस गाभडली. दिवस भरायच्या आतच मेलेलं पारडू टाकलं तिनं. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, यामागं जंतू असू शकतात. जनावराच्या मुतातून, वारेतून ते पाण्यात उतरतात आणि माणसालाही धरतात. उघड्या हातानं शिवू नका. पाण्यापासून लांब खड्डा खणा, चुना टाका, पुरून टाका. मी उद्या येऊन म्हशीचं रक्त घेतो."

"हो, हो," म्हटलं आणि फोन ठेवला.

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, पण गोठ्यात अजून राज्य त्यांचंच. "वार वाहता पानीमा सोडी दे, मंग दूध बी वाहस," असं त्या म्हणत. पुरली तर दूध आटतं, ही आमच्या घरातली समजूत. आधीच पारडू गेलेलं, आता दूधही जायला नको, म्हणून मी पारडू आणि त्यामागून पडलेली वार टोपलीत भरून नाल्याला सोडायचं ठरवलं.

सोडायला मी गेले नाही. आमच्या सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, बायको गेली. तोरणमाळच्या पायथ्याकडची, नवऱ्याबरोबर आमच्या पपईच्या शेतात झोपडी करून राहणारी. तिच्या टाचांना भेगा होत्या, बोट जाईल एवढ्या. फवारणीचे हातमोजे आणि गमबूट गोठ्यातच खुंटीला होते. ते माझ्या लक्षात आलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण ते खोटं आहे. लक्षात आलं होतं. म्हटलं, बरबटतील, मग धुवायचे कुणी? ती अनवाणी गुडघाभर पाण्यात उतरली, टोपली रिकामी केली, तिथेच हातपाय धुऊन आली.

दहाएक दिवसांनी ती तापानं फणफणली. पोटऱ्या धरून रडायची. डोळे आधी लाल झाले, मग पिवळे. तिला आमच्या गाडीत घालून मी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हे गाडीचं मी पुढे चार घरी सांगितलंही.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "जनावरांत काम करतेस ना? एवढ्यात कुठलं आजारी पडलं, गाभडलं?"

प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं, "छे! सगळी ठणठणीत आहेत." गावात कळलं तर माझ्या गोठ्याला कोण नावाजणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग टोपली उतरवलेले ते हात पदराखाली घेत म्हणाली, "नही."

काविळीवर औषध मिळालं आणि आम्ही परत आलो. तिसऱ्या दिवशी सालदार गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, कालपाईन तिनी लघवी बंद शे."

तिला पुन्हा गाडीत घातलं आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "हे परवा सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले. तिथेच इंजेक्शन सुरू करून त्यांनी तिला नंदुरबारला हलवलं. तिथं तिचं रक्त यंत्रावर धुवावं लागलं. गुरांच्या डॉक्टरांनी नेलेल्या म्हशीच्या रक्तातही तेच जंतू निघाले. आरोग्य खात्याची माणसं येऊन नाल्याकाठच्या घरांत गोळ्या वाटून गेली. कुणामुळे, ते गावात कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. ती वाचली, यात माझं पुण्य काही नाही.

यंदा दुसरी म्हैस नीट व्याली, पारडी झाली. वार पडल्यावर मी स्वतः फावडं आणि चुना घेऊन निघाले. सालदाराची बायकोही गमबूट, हातमोजे घालून आली. अजून लवकर दमते.

"खड्डामा पुरू, बाई?"

"हो. नाल्यात नाही सोडायची आता."

ती टोपली उचलायला वाकली आणि थांबली. इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला. "आनि कोनी इचारं ते काय सांगू?"

त्यात टोमणा नव्हता. दवाखान्यातल्यासारखं "नही" म्हणायचं की खरं सांगायचं, हे तिला खरंच माझ्याकडून विचारून घ्यायचं होतं.