आप्पांचं इंजिन, दाजींची लॉरी

तुमच्या वडिलांचं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत धडधडताना तुम्ही कधी ऐकलंय का? मी ऐकलंय. अजून सलतं ते.

आमचे आप्पा बेळगाव-निपाणी रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचे. मोटारीचा सांगाडा गंजून मोडीत गेला. इंजिन मात्र माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, काकतीच्या आमच्या गोठ्यात ओंडक्यांवर जपून ठेवलं. आप्पा गेल्यावर दर खंडेनवमीला तो त्याची पूजा करी. मी सुधारकी पत्रकं वाचून वाढलेला, पुढं तशीच लिहून छापू लागलेला; लोखंडाला कुंकू लावणं मला पटत नसे. हाताची घडी घालून मी दाराशी उभा राही. तरी ते इंजिन माझंच आहे असं मी धरून चाललो होतो.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर आक्काच्या नवऱ्यानं, आमच्या दाजींनी, निपाणीत एक छोटी लॉरी घेतली. गाडी नवी, पण इंजिन अगदीच किरकोळ. तंबाखूची पोती भरली की तवंदीचा घाट तिला चढवेना. अण्णा म्हणाला, "आप्पांचं इंजिन न्या की, दाजी." मला विचारलंसुद्धा नाही.

"मला छापखान्याला पाहिजे ते," मी म्हणालो.

"तुमच्या पत्रकाला एवढं धूड?" दाजी हसले. "पावणं, कागद फाटंल की!"

लॉरी काकतीला आणून, आमच्या दारातल्या चिंचेला साखळी आणि कप्पी बांधून त्यांनी नवं इंजिन उपसलं आणि तिथं जुनं उतरवलं. ते लांबीला जास्त. रेडिएटर पुढं सरकवावा लागला, तरी बॉनेट मिटेना. शेवटी ते सुंभानं बांधलं. दाजींचा हात त्या लोखंडावर आप्पांसारखाच फिरत होता. ते पूर्वी आप्पांचे क्लीनर. मोटार चालवायला आप्पांनी त्यांना शिकवलं. मला नाही. माझा हात लिहिण्याचा, म्हणे.

दाजींनी हँडल मारलं. इंजिन शिंकलं आणि गप्प झालं. प्लग पुसले, मॅग्नेटो उघडून पाहिला, पुन्हा हँडल मारलं. दुपार कलली.

"न्हाय चालत, दाजी," अण्णा म्हणाला. "परत गोठ्यातच ठिवू."

मला हेच हवं होतं. आणि इंजिन का चालत नाही, तेही मला तेवढ्यात उमगलं. गोठ्यात असताना त्याचा कार्बोरेटर काढून ठेवलेला, तिथं उघडं भोक. पूजेला सगळे डोळे मिटून अक्षता टाकत. डोळे उघडे असत ते माझेच. दाणे कुठं जात ते मी दरसाल पाहिलं होतं.

आक्का पदरानं दाजींचे सोललेले तळहात पुसत होती. तिचं तोंड उतरलं होतं. 'सत्य दडवू नका' असं मी पत्रकापत्रकात लिहीत आलेलो.

"आत तांदूळ हाय," मी म्हणालो. "खंडेनवमीचा."

दाजींनी कार्बोरेटरमागची नळी सोडवली. तेलात भिजलेले, कुंकवानं लाल झालेले दाणे ओंजळभर निघाले.

"अण्णा, इंजिनाचं लगीन लावलंस व्हय रं?" आक्का हसत सुटली.

पुन्हा हँडल मारताच आप्पांचा आवाज अंगणात घुमला. आक्का पुढं बसली, दाजींच्या शेजारी.

"बसा की पावणं, मागं लई जागा हाय!"

मी बसलो नाही. वळणाआड गेल्यावरही आवाज येतच राहिला.

म्हणून विनंती एवढीच. येत्या खंडेनवमीला अक्षता टाकण्याआधी यंत्राच्या तोंडाला फडकं बांधा. आणि तवंदीच्या घाटात सुंभानं बॉनेट बांधलेली लॉरी दिसली, तर ती किती झोकात चढते हे कृपा करून मला येऊन सांगू नका.