एका दिवशी एकच वाक्य

निर्मलाबाई लासूर स्टेशनच्या आमच्या शाळेत बदलून आल्या, तेव्हा माझ्याकडचा पहिलीचा वर्ग काढून त्यांना देण्यात आला. आमची ओळख ही अशी झाली. बाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असे लिहू नये. पण खोटेही लिहू नये.

मी आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द या क्रमाने शिकवत असे. बाई मुलांना आधी बोलू देत. मूल जे बोलेल ते मोठ्या कागदावर जसेच्या तसे लिहीत आणि सारा वर्ग बोट फिरवत ते वाचत असे. त्यांचा नियम होता, एका दिवशी एकच वाक्य. ते वाचल्याशिवाय पुढचे नाही. दिवाळीपर्यंत त्यांची मुले गोष्टी वाचू लागत. माझ्याकडे पहिली होती तेव्हा मुले दिवाळीला बाराखडीतच असत. मला ते पाहवत नसे.

माझी पत्नी सुशीला शाळेत गेली नव्हती. मी तिला शिकवायला बसलो की ती ‘ख’पाशी उठून जाई. "नाय जमत मला." आमची खोली शाळेमागेच होती. दुपारी ती बाईंच्या वर्गात मागे जाऊन बसू लागली. एक दिवस बाईंनी विचारले, "वहिनी, आज तुम्ही सांगा."

"मीठ कमी पडलं की आमचे गुरुजी ताट सरकवतात."

बाईंनी तेच लिहिले. मुले हसली. सुशीलाने ते वाचले.

मी बाईंना म्हणालो, "हे पाठांतर झालं. अक्षर तरी ओळखते का ती?"

"गुरुजी, तुमची लेक बोलायला लागली, ती आधी बाराखडी म्हणून का?"

सुशीला वर्गात जाऊन वाक्ये सांगत राहिली. पुढच्या वर्षी स्टँडवर मी घाईत एसटीत चढत होतो. सुशीलाने सदरा ओढला. "उतरा आधी. पाटी वाचा की! वैजापूरची हाय ही." हे मी बाईंना कधी सांगितले नाही. आज सांगतो.

गेल्या वर्षी सुशीला वारली. बाई शहरात छावणी भागातल्या आमच्या घरी भेटायला आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक जुना कागद काढला. सुशीलाची सगळी वाक्ये त्यांनी जपून ठेवली होती. मी म्हणालो, "सगळे कागद द्या. माझ्या घरचं माणूस होतं."

"नियम माहीत आहे ना, गुरुजी? आधी हे वाचा."

मी वाचले. ‘मला ताप होता तेव्हा गुरुजींनी भाकरी केली, लई जाड झाली, पण मी सगळी खाल्ली.’

हे ती मला कधी बोलली नव्हती. बाईंना बोलली होती. मला बाईंचा हेवा वाटला. अजून वाटतो.

तेव्हापासून दर रविवारी बाई, गुडघे दुखत असतानाही, एक कागद घेऊन येतात. मी वाचतो. त्या चहा घेतात.

बाईंना भरपूर आयुष्य मिळो आणि त्यांचे गुडघे चांगले राहोत. गठ्ठा अजून बराच जाड आहे, आणि मी आता सावकाश वाचतो.