निसटलेल्या चेंडूची नोंद

जेद्दातल्या आमच्या बेसबॉल संघाचा सगळा इतिहास दोन मोसमांचा. तो लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी मूळचा रायगड किनाऱ्यावरचा. गावात क्रिकेटच्या सामन्यांचा धावफलक लिहायचो, एवढीच माझी पात्रता. जुन्या शहरात, बलदमध्ये, ज्या हॉटेलात मी कारकून होतो, त्याचा मालक, म्हणजे माझ्या व्हिसाचा जामीनदार, माझा कफील, खेळाचा शौकीन. त्याने भारत, पाकिस्तान, नेपाळमधून पगारी खेळाडू आणले, एक परदेशी कोच आणला आणि मला मैदानावर धाडलं. स्कोअरबुक भरायला कोचनेच शिकवलं. कोणी फटका मारला, कोणाच्या हातून चेंडू सुटला, सगळं पेन्सिलीने, एकेका चौकोनात.

संघात मराठी बोलणारा माझ्याखेरीज एकच, साताऱ्याकडचा डावखुरा पिचर. फलंदाजाला चेंडू फेकायचं काम त्याचं. शाळेतली क्रीडाशिक्षकाची कायम नोकरी सोडून आला होता. मला चाचा म्हणायचा. सामना संपला की शेजारी बसून आपलं पान वाचायचा.

दुसऱ्या मोसमात त्याने एक सामना असा टाकला की समोरच्या एकालाही धड फटका मारता आला नाही. फक्त एकदा, उतरत्या उन्हात, चेंडू आमच्या क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्याला लागून निसटला आणि फलंदाज बेसवर पोचला. तो फटका धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक, हे स्कोअररने ठरवायचं असतं. मी जरा थांबलो आणि चूक लिहिली. फटका लिहिला असता, तर एकही फटका न दिल्याचा मान जाऊन तो सामना चारचौघांसारखा झाला असता. कोचने पान पाहिलं, सही केली.

त्या मोसमानंतर कफीलने संघ बंद केला. गुरुवारी ऑफिसातून निघताना स्कोअरबुकं घरी न्यावीत असं मनात आलं होतं. पण मालकाची वस्तू न विचारता कशी उचलायची? राहू दिली. रविवारी गेलो तर खोली धुऊन काढलेली. फरशी पुसणाऱ्याला विचारलं. "कागद? खलास," तो म्हणाला. थोड्याच दिवसांत संघाची वेबसाइटही उघडेनाशी झाली.

पिचर गावी परतला. काही महिन्यांनी त्याचा फोन आला.

"चाचा, बाहेरच्या देशातला एक संघ मला घेतोय. पण जुना रेकॉर्ड मागतात. तुम्ही लिहून द्याल ना?"

मी आठवून आठवून दोन पानं लिहिली. तो सामना सगळ्यात वर. त्या लोकांनी खात्रीसाठी कोचलाही विचारलं. कोचने कळवलं, सामना चांगला आठवतो, तो चेंडू सरळ फटका होता, स्कोअररने मुलाची बाजू घेतली. झालं. माझ्या दोन पानांतल्या बाकीच्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवला नाही.

पुढचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज शांत होता.

"चाचा, खरं सांगा. फटका होता का?"

"मी चूक लिहिली होती."

"लिहिलं ते मला माहीत आहे. तुम्ही बघितलं काय?"

मी डोळे मिटले. चेंडू हातमोज्याला लागताना दिसला. मग न लागताच पलीकडे जाताना दिसला. दोन्ही तितकंच स्पष्ट.

"आता सांगता येत नाही रे," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. त्याने फोन ठेवला. खोटं बोललो असतो तर त्याला निदान तो सामना तरी उरला असता. ते एवढंसंही माझ्याच्याने झालं नाही.

शाळेतली त्याची जागा केव्हाच भरली होती. गावाकडे कोंबड्यांच्या शेडवर राखणीला असतो, असं संघातल्या एकाकडून कळलं. मी फोन करत राहिलो, तो उचलेना. ईदच्या दिवशी त्याच्या बायकोने उचलला.

"ते घरी नाहीत," ती म्हणाली.

मागून त्याचा आवाज आला. कोणाचा फोन आहे, विचारत होता. मी सलाम सांगा म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर केला नाही.