स्वच्छ दिसणारं पाणी

अण्णाप्पा मगदूम सांगलीतल्या पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत बावीस वर्षं नोकरीला होते. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली आणि बघून बघून सगळ्या तपासण्या शिकले. बोलणं कमी, अक्षर सुरेख.

१९७५च्या जानेवारीत मुंबईहून आमदारांची समिती आली. खेड्यांतल्या पाण्याचे नियम तीच ठरवणार होती. प्रयोगशाळेचे साहेब गडबडले की इंग्रजीत शिरायचे, म्हणून समजावून सांगायचं काम अण्णाप्पांकडे आलं. त्यांनी दोन काचनळ्या उजेडात धरल्या. एक जांभळी, एक पिवळी.

"दोन्हीत औषध एकच घातलंय. पाण्यात मैल्यातले जंतू असले की ते पिवळं पडतं. हे कडेगावकडच्या एका विहिरीचं."

समितीचे प्रमुख हंबीरराव यांनी त्याच विहिरीच्या पाण्याची बाटली उचलली. आरपार दिसत होतं.

"हे तर आरशागत हाय. तुमच्या नळीत हळद पडली आसंल. सांगलीत हळद कुठं नसती?"

सगळे हसले. अण्णाप्पाही हसले, आणि त्या हसण्याची लाज त्यांना पुढं कैक वर्षं वाटत राहिली.

"जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, साहेब."

"मग हायेत कशावरनं?" असं म्हणून हंबीरराव जेवायला उठले.

मार्चमध्ये नियम आला. दिसायला स्वच्छ असलेलं पाणी तपासू नये, फक्त गढूळ तेवढं घ्यावं.

मे महिन्यात राहीबाई नावाची म्हातारी एसटीनं बाटली घेऊन आली. तिच्या वाडीत चौघांना जुलाब लागले होते. पाणी नितळ होतं. अण्णाप्पांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"आक्का, पाणी उकळून प्या."

"साऱ्या वाडीचं पानी उकळायला जळण कुठनं आनू?" ती म्हणाली आणि बाटली पिशवीत घालून गेली.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. थोरली सून जुलाबानं गेली होती. अण्णाप्पांनी तेव्हा तिला गढूळ पाण्याचा नियम सांगितला.

"आदी सांगायचं हुतं. मूठभर माती कालवून आनली आसती."

आवाजात राग नव्हता. अण्णाप्पांना तो असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते हळूच तसंच करायला सांगू लागले. गढूळ बाटल्या आल्या, नियमात बसल्या, नळ्या पिवळ्या पडल्या. अहवाल मुंबईला गेले. दोन महिन्यांनी उत्तर आलं: पाणी गढूळ असल्याने दुहेरी फडक्याने गाळून प्यावे.

जंतू फडक्यातून जातात, असं अण्णाप्पांनी सविस्तर लिहिलं. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तेच उत्तर, तोच शिक्का.

१९७९ला ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी सात विहिरींचे अहवाल पूर्ण केले.

"आता तरी ऐकतील का?" घरी बायकोनं, पद्मावतीनं विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.