नानांच्या कॅसेटमधली कानबाई

माझे वडील, म्हणजे नाना, नामपूरला डॉक्टर होते. दवाखान्यात एखादी म्हातारी आली की ते आधी तिला आ करायला लावायचे, घसा बघायचे आणि घसा ठीक दिसला की टेबलावरचा टेपरेकॉर्डर तिच्यापुढे सरकवायचे. बाहेर बाकावर तापाने फणफणलेली माणसं ताटकळत बसलेली आणि आत बाई कानबाईची गाणी म्हणतेय! आई चिडायची. "पेशंट गेले तरी चालतील, तुमची गाणी मात्र जगली पाहिजेत," म्हणायची. नानांना ते कौतुक वाटायचं.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी. तिला डोळे, नथ, साडी लेववून पाटावर बसवतात, रात्रभर जागवतात आणि सोमवारी सकाळी नदीवर नेऊन निरोप देतात. सगळं गाण्यांवर चालतं, आणि ती गाणी बायकांची. कुणी कुणाला शिकवत नाही. नवी सून मागे बसते, पहिल्या वर्षी नुसती शेवटचा शब्द ओढते, मग अर्धी ओळ, आणि कधीतरी सासूचा दम सुटला की पुढची ओळ आपसूक हिच्या तोंडून येते. म्हाताऱ्या गेल्या की हे संपेल, या धास्तीने नानांनी सगळं टेप करून ठेवायचं मनावर घेतलं होतं.

आणि मग तो श्रावण आला. आमच्या गल्लीत गाणारी बाई आजारी पडली, तेव्हा तिची जाऊ दवाखान्यात येऊन म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ती टेप देतस का? कर्ण्यावर लावसूत." नाना हरखले. आपलं काम लोकांच्या उपयोगी पडतंय, याहून डॉक्टराला काय हवं असतं? त्यांनी स्वतः जाऊन कॅसेट लावून दिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीतून मागणी आली. मग दरवर्षी कुणी ना कुणी यायचं, नाना खुशीने कॉपी काढून द्यायचे. रात्रभर गाऊन गळा बसवण्यापेक्षा हे बरं होतं. बायका रोट भाजत, मेंदी काढत, गप्पा मारत बसायच्या आणि मागे बसणाऱ्या सुनेला मागे बसायचं कारणच उरलं नाही. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. लक्षात यावं असं त्यात काही दिसतही नव्हतं.

आई गेल्यावर मी नानांना शहरात, इंदिरानगरला माझ्या फ्लॅटवर आणलं. कॅसेटी औषधांच्या खोक्यांतून आल्या. उघडल्या तर बहुतेकींना बुरशी. सातपूरकडच्या एका दुरुस्तीवाल्याने खटपट करून एकीतलं जेवढं शाबूत होतं तेवढं गाणं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. नानांनी ते ऐकलं आणि दिवसभर माझा पिच्छा पुरवला. गावाला जायचं, कानबाईला हे लावायचं, नव्या सुना ऐकतील, त्यातली एक जरी शिकली तरी खूप झालं. मला ही आशा खुळी वाटत होती. पण त्यांच्या अंगात दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून गेलो.

ज्या घरी उतरलो तिथली म्हातारी हीच त्या टेपवरची बाई. नानांच्या गाणाऱ्यांपैकी तेवढीच शिल्लक. सोमवारी सकाळी देवी उठवायची वेळ झाली. मोठ्या स्पीकरवर तिचाच तरणा, खणखणीत आवाज लागला, मध्ये नानांचं "हां, पुढे म्हणा" आणि कुणाचा तरी खोकला. सुना व्हिडिओ काढत होत्या. नाना खुर्चीच्या कडेवर बसून एकेकीच्या ओठांकडे बघत होते. कुणाचे ओठ हलत नव्हते.

निरोपाच्या गाण्यात, देवी उंबऱ्याशी येते तिथे, आवाज घरघरला आणि बंद पडला. पुढची टेप खराबच होती. देवी डोक्यावर घेतलेली सून दारात उभी राहिली. सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. मी तिच्याजवळ बसून म्हणाले, "मावशी, पुढचं तुम्ही म्हणा ना. तुमचंच गाणं आहे."

तिने तोंड उघडलं. बराच वेळ तसंच उघडं ठेवलं. मग माझा हात धरून, अजिबात राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "माले नही येत वं माय आते. तुना बापनी टेपमां लई लिधं ना समदं. मी म्हंतं, डॉक्टरकडे शे, आपले कसाले याद ठेवनं?"

नानांना ऐकू उत्तम येतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, तरी दिसलेच. घरातल्या मुलाने प्रसंग सावरला. त्याने मोबाइलवर कुठलंसं सिनेमाचं भक्तिगीत लावलं, सुनांना ते पाठ होतं, आणि सगळ्या जणी हौसेने गात देवी घेऊन मोसम नदीकडे निघाल्या. घरात आम्ही तिघं राहिलो.

नानांनी मला त्यांची खुर्ची म्हातारीजवळ ओढायला सांगितली. मग डॉक्टरकीच्या जुन्या सवयीने तिची हनुवटी धरून, हळूच म्हणाले, "आ करा बघू."

तिने आ केला. नाना तिच्या घशात बघत राहिले.