मला हरता आलं नाही

गोऱ्यांची दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा नगरच्या कॅम्पात जखमी शिपायांसाठी इस्पितळ होतं. तिथे मी पट्ट्या गुंडाळायच्या कामावर होते. वय अठरा. मला स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. अम्मी म्हणायची, या पोरीच्या बोटांना मुंग्या लागल्यात.

वॉर्डात एक विलायती खेळ आला होता. मोठ्या चकतीने लहान चकतीची कड दाबायची, ती उडून वाटीत पडली पाहिजे. पडली की पुन्हा आपलीच पाळी. सहा चकत्या आधी संपवील तो जिंकला. गोरे त्याला टिडलीविंक्स म्हणत, आम्ही नुसतं चकत्या. जखमी बोटं हलती राहावीत म्हणून डॉक्टरांनी तो मागवला होता. मी सहज हात लावला आणि पहिल्याच दुपारी चार शिपायांना हरवलं. पुढे गोऱ्यांच्या वॉर्डातला पटाईतही हरून गेला. सगळे मला चॅम्पियन म्हणू लागले. घरी जेवतानाही माझा अंगठा ताटाची कड दाबत असायचा.

मग कर्जतकडचा एक शिपाई आला. उजव्या हाताची तीन बोटं गेलेली, डाव्यात जोर नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, याच्याशी खेळ आणि एखादा डाव हर.

मी दोन चकत्या मुद्दाम वाटीबाहेर टाकल्या. तिसरीच्या वेळी त्याने वाटी दूर सारली.

"बाई, हरवायचं तर खरं हरवा. असली दया नगं आमाला."

माझे कान तापले. त्यानंतर आम्ही रोज खेळलो आणि रोज तो हरला. चिडायचा, चकत्या पुन्हा मांडायचा. हळूहळू डाव्या हाताने स्वतःचा सदरा घालू लागला. मला मात्र चैन पडेना. तो जिंकावा असं वाटे, आणि समोर वाटी आली की बोटं ऐकत नसत.

त्याला घरी सोडायच्या दिवशी शेवटचा डाव झाला. त्याच्या पाच चकत्या वाटीत, माझ्या चार. पाळी माझी. मी एक टाकली, मग दुसरी. दोन्ही पडल्या.

त्याने वाटी माझ्याकडे सरकवली. "हे बरं झालं," म्हणाला, आणि वळकटी काखेत मारून ट्रककडे गेला. खरंच बरं झालं का, हे मला अजून कळलेलं नाही.

लढाई संपली, काम सुटलं, लग्न होऊन मी सोनईला आले. नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. माझ्या खेळाबद्दल ऐकून त्याने हौसेने नगरहून चकत्या आणल्या. पहिल्या दिवशी ओळीने सात डाव हरला आणि हसत दुकानात गेला. त्याच्याशीही मला एक डाव हरता आला नव्हता; मी चकत्या तशाच टाकून अंगणात फेऱ्या मारू लागले. तिसऱ्या प्रहरची, अस्रची अजान झाली तरी पाय थांबेनात.