चाकाबाहेर गेलेला तडा

भुताखेतांवर माझा इस्वास नव्हता, आज बी न्हाई. मी चौथी शिकलेला माणूस. कुपवाडच्या एका फौंड्रीत जलम गेला. काम एकच — वतून आलेलं बीड, म्हंजे ओतीव लोखंड, हातोडीनं ठोकायचं. टण्ण वाजलं तर माल चांगला, बद्द वाजलं तर आत तडा. माझा कान कवा चुकला न्हाई... निदान मला तसं वाटायचं.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्सं झाली असतील. उंब्रजजवळ आमचं गुऱ्हाळ हुतं. उसाच्या चरकासाठी माणसाएवढं नवं चाक वतून घेतलं. मीच ठोकलं. टण्ण!

पुतण्या मोहन सांगलीत इंजिनिअरिंगला शिकवायचा. बिडातनं तडा कसा पळतो, त्येचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचा. म्हणाला, "तात्या, तुमच्या चाकाची मापं द्या, त्येच्यावर बघतो."

रविवारी दुपारी मी आन् माझी बायकू शेवंता बघाय गेलो. पडद्यावर वाटीएवढं चाक, बारीक बारीक चौकोनांचं. मोहननं उगं मनानंच एका आऱ्याजवळ केसाएवढा तडा घातला. तो सरकाय लागला... एक चौकोन, मग दुसरा. आमचा च्या पिऊन झाला तवा काठावर पोचला. आन् थांबलाच न्हाई! चाक संपलं, म्होरं नुसता काळा पडदा — त्यातनं बी चार बोटं गेला, मग थबकला.

मोहनचं तोंड उतरलं. "तात्या, हितं बीडच न्हाई. मग फुटतंय काय?"

परत तीनदा चालवलं. तीनदा तितंच थांबला.

"आवं, नका बसवू ते चाक," शेवंता म्हणाली.

"गप गं. खुळा हाय त्येचा डबा. माझ्या कानापरीस शाना हाय व्हय?"

"कानाचं कवतिक ऱ्हाऊ द्या. माझं हातपाय गार पडल्यात."

चाक बसवलं. नव्या यंत्राला सवाशिणीनं हळदकुंकू लावायचं असतंय. शेवंतानं लावलं, ताट घेऊन चार हात लांब जाऊन उभी ऱ्हायली. मी इंजिन चालू केलं.

चाक फुटलं. आवाज लय मोठा झाला म्हणं, मला आठवत न्हाई. मला नुसतं हळदीचं ताट घरंगळताना दिसतंय.

शेवंताचं दिवस घातल्यावर मोहन कॉम्प्युटरचा कागद घेऊन आला. चाक त्याच आऱ्यापाशी फुटलं हुतं. आम्ही टेप धरून मापलं. चाकाच्या मापानं कागदावरची चार बोटं म्हंजे जमिनीवरचं चार हात. तडा थांबला ती जागा आन् शेवंता पडली ती जागा... एकच.

"तुज्या डब्याला कुणी सांगितलं रं?"

मोहन रडाय लागला. "तात्या, मी फकस्त चाकाची मापं दिल्ती. कुठं उभं ऱ्हायचं, ते तर काकीला बी ठावं नव्हतं."

शिकलेली लोकं म्हणतात, प्रोग्राम चुकला असंल. असंल बी. मला आजपातूर उलगडा न्हाई. एवढंच ठावं हाय — ती नको म्हणाली हुती, आन् मी तिला गप गं म्हणालो.